भोंगा निफाडला आहे

बायको, रेहाना, गेल्याची खबर आली तेव्हा रहेमान मिस्त्री एका लॉरीखाली उताणा पडून नट आवळत होता. त्याला आधी दिसले ते दोन पाय. धुळीने भरलेले, आणि एकाच पायात वहाण.

"रहेमानभाई, जरा बाहेर या."

आवाज निफाडच्या कारभारीचा. रेहानाच्या माहेराला लागून त्याचं घर आणि मागे द्राक्षाचा मळा.

"आलोच. एवढा एक नट राहिलाय."

कारभारीने त्याला नट पुरा आवळू दिला. मग सांगितलं. ताप तीन दिवसांचा होता. उतरेल असं सगळ्यांना वाटलं. पहाटे ती गेली.

नाशिक ते निफाड आगगाडीने तासाभराची वाट. पण रहेमान तीन शुक्रवार तिला आणायला गेला नव्हता. कारण सांगायला गेलं तर हसू येईल. त्याच्याकडे एक छोटी मोटार होती. देवळालीच्या छावणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना ती त्याला अशीच देऊन गेला होता. दोन दरवाजे, कापडी टप, आणि बाजूला रबरी फुग्याचा भोंगा. रेहाना माहेरी निघाली तेव्हा तिने तो भोंगाच उपसून पिशवीत टाकला होता. "मोटारीतनं न्यायला या, मग भोंगा देईन. सगळ्या निफाडला ऐकू जायला पाहिजे." आणि तिची पाठ वळताच गिअरच्या चाकाचा दात तुटला. नवं चाक मुंबईहून यायचं होतं. या शुक्रवारी येईल, पुढच्या शुक्रवारी येईल... लोकांच्या मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री बायकोला आणायला आगगाडीने जाणार? त्याला ते पटेना.

शेवटी तो आगगाडीनेच गेला. दफन करून परत आला, तेव्हा चाकाचं पार्सल दुकानाच्या फळीवर येऊन पडलेलं होतं.

चाळिसाव्या दिवशी रेहानाचे कपडे, चपला, पानाचा डबा, सगळं वाटून झालं. मोटार तेवढी राहिली. नाशकातल्या कथडा मोहल्ल्यात, घरामागच्या अंगणात, कडुनिंबाखाली, चौदा महिने.

"ती पण देऊन टाक," जैतुनबी, त्याची आई, म्हणायची. "गेलेल्या माणसाची वस्तू दारात गंजत ठेवू नये."

"कोणाला देऊ, अम्मा? बंद मोटार कोण घेतं?"

"ते मला काय ठाऊक? मिस्त्री तू."

पाऊस सरला आणि एका बुधवारी कारभारी बाजाराला नाशकात आला. दुकानाशी टेकून बसला, वहाणा काढल्या, आणि रहेमानची नजर त्याच्या पायांवर गेली. ते एकाच वहाणेचं त्याने इतक्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"ती व्हय? स्टेशनाकडं पळताना पडली वाटंत. गाडी शिट्टी देत हुती. कुठं उचलत बसू?"

रहेमानने हातातला पाना खाली ठेवला. एक माणूस वहाण उचलायलासुद्धा थांबला नव्हता. आणि आपण नट आवळत होतो.

"कारभारी, माझी मोटार तुम्ही घ्या."

"म्हंजे? इकत?"

"नाही. अशीच. देऊन टाकतोय."

कारभारी हसायला लागला. "मला? अहो, मोटारीला कासरा कुठं बांधू? मेव्हणा माझा, मंगळू, लॉरी हाकतो, त्याला येईल म्हणा... पर चालती पायजे बरं का. बंद मोटार न्हेली तर गाव म्हणंल, कारभारीनं लोखंडाचं खुराडं आणलं!"

"चालती करून देतो. शब्द दिला."

"मग मी बी घाई करत नाय. छाटणी चालू हाय मळ्यात. तीन बुधवारांनी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रहेमान ते पार्सल काखेत मारून अंगणात गेला. दरवाजा ओढला, तशी मोटारीच्या आतून काहीतरी फुसकारलं आणि त्याच्या मनगटावर टोचलं.

"हात लावू नका!"

आवाज भिंतीपलीकडून आला. भिंत कमरेएवढी. पलीकडे अब्बास शिंप्याचं घर, आणि भिंतीशी अब्बासची बहीण ताहेरा, ओढणीच्या टोकात बाजरी धरून उभी. मालेगावला नवरा वारला तेव्हापासून ती भावाकडे आली होती. सहा महिने झाले असतील. रहेमानने तिला पाहिलं होतं, पण बघितलं नव्हतं.

"ही तुमची कोंबडी?"

"माझी."

"आणि ही मोटार माझी."

"ते तिला ठाऊक नाही."

रहेमानने मनगट चोळलं. "उचला तिला. मला काम आहे."

"उचलता येत नाही. खुडूक आहे. कालच तेरा अंडी दिलीत तिच्या खाली. आता एकवीस दिवस जागा हलवायची नाही."

"मग तुमच्या अंगणात बसवायची!"

"तिथे मांजर आहे. आणि सहा महिने बघतेय मी, ही मोटार तसूभर हललेली नाही. एवढी भरवशाची जागा अख्ख्या कथड्यात सापडायची नाही."

टोमणा होता की खरंच तारीफ होती? त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथेही काही कळेना.

"मी माणसाला शब्द दिलाय. दुरुस्त करून द्यायची आहे."

"करा की. इंजिन पुढे आहे, कोंबडी मागे. फक्त हादरा बसता कामा नये."

"हादऱ्याशिवाय मोटार दुरुस्त होत नाही, बाई."

"ताहेरा."

"काय?"

"नाव. बाई काय म्हणता? मी काय मास्तरीण आहे?" ती भिंतीच्या पडक्या भागातून अलीकडे आली. "हे बघा मिस्त्री. रोज सकाळी मी तिला दाण्यापाण्यासाठी उठवते. तेवढ्या वेळात काय ठोकायचं ते ठोका."

"किती वेळ?"

"अंडी गार होईपर्यंत."

"ते मला कसं कळणार?"

"मी सांगेन ना."

दाराशी खाटेवर तांदूळ निवडत जैतुनबी बसली होती. तिने मान वर केली नाही. पण तांदूळ निवडणं थांबलं होतं.

असं ते सुरू झालं. सकाळी ऊन कडुनिंबातून खाली उतरलं की ताहेरा यायची, कोंबडीला दोन्ही हातांनी उचलायची, बाजरी टाकायची. रहेमान बोनेट उघडायचा. ती अंड्यांवर एक फडकं टाकायची आणि मोटारीच्या पायरीवर बसायची.

"हे काय?"

"पाना."

"आणि हे?"

"तोही पानाच. मोठा."

"मग मघाशी लहान का घेतला?"

"लहान नटाला लहान."

"आणि मोठा नट कुठे आहे?"

रहेमानने इंजिनात बघितलं. मोठा नट नव्हताच. तो मोठा पाना उगाच हातात घेऊन उभा होता. ताहेराने ओठ दाबले आणि कोंबडीकडे बघायला लागली. कोंबडीला हसू येत नव्हतं, म्हणून बरं.

तिचं बोलणं असं, बाण कुठून येतो ते कळत नसे. एकदा म्हणाली, "मिस्त्री, तुम्ही मोटारीशी बोलता."

"मी? कधी?"

"आत्ता. 'ये बाई, ये,' म्हणालात."

"ते... बोल्ट निघत नव्हता."

"मग आला का?"

"आला."

"बघा. गोड बोललं की येतं." आणि मग लगेच, "अंडी गार झाली! बास!"

रात्री जेवताना जैतुनबीने भाकरी मोडता मोडता विचारलं, "रहेमान, तुला गल्लीत सगळे काय म्हणतात?"

"रहेमानभाई."

"सगळे?"

"हो. का?"

"काही नाही. ती भिंतीपलीकडची तेवढी मिस्त्री म्हणते. सहा महिन्यांत एकदा 'भाई' म्हणाली नाही. माझं आपलं लक्ष गेलं."

रहेमानचा घास हातातच राहिला.

सातव्या दिवशी त्याने पार्सल सोडलं. चौदा महिने त्याची दोरीसुद्धा त्याने काढली नव्हती. कागदाच्या आत तेल लावलेलं, चकचकीत, एक दातही न झिजलेलं चाक. तळहातावर मावेल एवढं. तो ते हातात धरून उभाच राहिला.

"बसवत का नाही?" ताहेराने विचारलं.

"बसवतो."

"आणि भोंगा कुठे आहे? मी पहिल्या दिवसापासून बघतेय, जागा आहे, भोंगा नाही."

"भोंगा निफाडला आहे."

आणि मग, त्याला स्वतःलाच कळलं नाही का, त्याने तिला सगळं सांगितलं. भोंगा, तीन शुक्रवार, हे चाक, लॉरीखालचा नट. चौदा महिन्यांत त्याने हे आईलासुद्धा एका दमात सांगितलं नव्हतं.

ताहेराने त्याच्या हातातल्या चाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आगगाडीने का नाही गेलात?"

कोणी हे विचारलं नव्हतं. सगळे मनात विचारत असणार, हे त्याला ठाऊक होतं. तोंडावर ही एकटीच.

"मोटारीतनं आणायची होती," तो म्हणाला. "तिला तसं... आणि मलाही. मला दाखवायचं होतं."

"हं."

तिने ओढणीच्या टोकाने पायरीवरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हतीच. त्या दिवशी कोंबडी आपणच परत येऊन अंड्यांवर बसली. अंडी गार झाल्याचं सांगायला ताहेरा विसरली.

नवव्या दिवशी चाक बसलं. खरं तर दिवसभराचंच काम होतं ते. दुपारी अंगणात कोणी नव्हतं तेव्हा रहेमानने हँडल मारलं. मोटार एका झटक्यात सुरू झाली. इतकी हलकी, इतकी शहाण्यासारखी, की त्यानेच घाबरून बंद केली. मागे कोंबडीने डोळे वटारले.

मोटार तयार होती. शब्द पुरा झाला होता. आता कारभारी येईपर्यंत अंगणात यायचंही कारण नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी ताहेरा आली, तेव्हा रहेमान बोनेट उघडून उभा होता. आदल्या दिवशी घट्ट आवळलेला नट सोडवत होता.

"अजून बरंच राहिलंय वाटतं?"

"बरंच," तो म्हणाला.

बाराव्या दिवशी अब्बास दुकानात आला. सरळ माणूस, गळ्यात कायम मोजपट्टी.

"रहेमानभाई, ती कोंबडी उठली का तुमच्या मोटारीतनं?"

"नाही. तुम्हाला कोंबडीची काय एवढी काळजी?"

"कोंबडीची नाही हो, बहिणीची. मालेगावच्या त्या हातमागवाल्याचं स्थळ आहे ना? मध्ये पाहुणे येऊन गेले, तुमच्याकडेही रस्सा पाठवला होता बघा. माणूस बरा आहे. तीन मुलं आहेत, पण बरा आहे. ही म्हणते, कोंबडी बसवलीय, पिल्लं निघाल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. आता पुढच्या आठवड्यात बुधवारी एकवीस दिवस होतात. त्यांचा माणूस त्याच दिवशी उत्तराला येतोय."

रहेमानने "बरं" म्हटलं. अब्बास गेल्यावर त्याने एका गिऱ्हाइकाच्या टांग्याला मोटारीचं वंगण लावलं.

पुढचे दिवस त्याला काही समजेनासं झालं. मोटार द्यायची होती ती रेहानाला सोडायचं म्हणून, की चुकीची भरपाई म्हणून? आणि आता देववत नाही ती रेहानासाठी, की... सकाळी ताहेराला हसवायचा, आणि संध्याकाळी आपण हसलो याची त्याला लाज वाटायची. एकदा नमाजाला उभा राहिला आणि मनात आलं की अंडी गार होत असतील. एकदा तर बोनेटमधून मान न काढताच म्हणाला, "रेहाना, तो छोटा पाना दे."

मागे कोणी हललं नाही. मग पाना हातात आला. छोटाच.

"चुकलं," तो म्हणाला. "माफ करा."

"पाना बरोबर आहे ना?" ताहेरा म्हणाली. "मग झालं तर."

तो बुधवार उजाडला. सकाळीच कारभारी आणि त्याचा मेव्हणा मंगळू अंगणात हजर. अब्बास भिंतीशी आला. मालेगावचा माणूस त्याच्या ओसरीवर चहा पीत बसला होता. जैतुनबी खाटेवर. ताहेरा मोटारीच्या पायरीशी उभी, डोळे कोंबडीवर.

"काय रहेमानभाई, झाली का तयार?" कारभारीने विचारलं.

"थोडं राहिलंय," रहेमान म्हणाला. "आणि मागे कोंबडी आहे. पिल्लं निघायची आहेत."

"कोंबडी?" कारभारीने आत डोकावलं. "आरं वा! किती दिस झाले?"

"आज एकवीस," अब्बासने पलीकडून सांगितलं.

"आन् येक बी चोच मारली नाय?" कारभारीने कोंबडीखाली हात घातला, तिने टोचलं तरी एक अंडं काढलं, कानाशी हलवलं. मग मुठीत धरून उन्हाकडे केलं आणि एक डोळा मिटला. "ह्यात काय बी नाय."

दुसरं काढलं. तिसरं. "ह्यात बी नाय. सगळी वांझ हायती. अहो बाई, कोंबडा हाय का तुमच्याकडं?"

अब्बासने ताहेराकडे पाहिलं.

"कोंबडा... होता," अब्बास हळूच म्हणाला. मोजपट्टी त्याने हातात घट्ट धरली होती. "पाहुण्यांसाठी कापला. दीड महिना झाला. ताहेरा, तुला ठाऊक होतं?"

"तूच कापलास ना, भाईजान," ताहेरा म्हणाली. तिची मान खाली होती, पण कान लाल झाले होते.

एवढ्यात पुढून आवाज आला. मंगळूला या कोंबडीच्या भानगडीत रस नव्हता. त्याने आपलं हँडल मारून बघितलं होतं, आणि मोटार पहिल्याच झटक्याला सुरू होऊन गुरगुरत होती.

"दाजी, गाडी तर वाघावाणी चालू हाय!" मंगळू ओरडला. "हिला काय राहिलंय?"

सगळ्यांनी रहेमानकडे पाहिलं. जैतुनबीने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते तिचे.

"अब्बास बेटा," ती जरा वेळाने म्हणाली, "तुझ्या पाहुण्याचा चहा गार होत असेल. चल, मी पण येते. मला तुझ्याशी बोलायचंय." आणि जाता जाता कारभारीला, "तुम्ही चाकं बघा, चाकं. हवा बघून घ्या."

कारभारी शहाणा होता. तो आणि मंगळू चारही चाकांची हवा बघायला लागले, आणि पुढचं एकच चाक फार वेळ बघत बसले.

रहेमानने मोटार बंद केली. एका बाजूला तो, एका बाजूला ताहेरा, मध्ये कापडी टप.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. मला एकवीस दिवस हवे होते, भाईजानला उत्तर द्यायला. दुसरं काही सुचलं नाही... आणि तुमची मोटार कधी झाली?"

"नवव्या दिवशी."

"मला वाटलंच. रोज तोच नट काढत होतात. वरच्या रंगाचा टवका उडालेला."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, माणूस विचार करतोय. करू द्यावा."

रहेमानने टपाच्या कापडावर हात ठेवला. "विचार केला. पण सगळा झालेला नाही, ताहेरा. रेहाना जात नाही मनातनं. तुमच्याशी बोलतो तेव्हासुद्धा असते. हे मी आधीच सांगतो."

"तिला घालवायला कोण सांगतंय?" ती म्हणाली. "आमच्या त्यांचा चष्मा माझ्या पेटीत आहे. दर शुक्रवारी पुसते. कोण घालणार आहे तो? तरी पुसते."

कडुनिंबाचं एक पान टपावर पडलं. दोघांनीही ते उचललं नाही.

"पलीकडे माणूस बसलाय," ताहेरा म्हणाली. "काय उत्तर देऊ?"

"नाही म्हणा."

"का, म्हणून विचारतील."

रहेमान तसाच उभा राहिला. मोठा पाना हातात घेऊन उभा होता त्या दिवसासारखा. मग म्हणाला, "सांगा... नाशकातल्या एका मिस्त्रीकडे माझं काम राहिलंय."

"किती दिवसांचं?"

"ते... आता मोजायचं नाही."

ताहेरा हसली. या वेळी तिने ओठ दाबले नाहीत. कोंबडीला काखेत घेतलं आणि पडक्या भिंतीतून पलीकडे गेली.

मोटार त्याच दुपारी गेली. मंगळूने चालवली, कारभारी शेजारी पागोटं धरून बसला. भोंगा नव्हता, म्हणून दोघे गल्लीभर "सरका, सरका!" असं ओरडत गेले. रहेमान आग्रा रोडच्या वळणापर्यंत मागून चालत गेला आणि धूळ खाली बसेपर्यंत उभा राहिला. वाईट वाटत होतं की बरं, ते त्याला त्या दिवशी कळलं नाही, आणि नंतरही नीट कळलं नाही.

रमजान झाला. ईदनंतर दोघांचा निकाह झाला. ती भिंत आणखी थोडी पाडली, जाण्यायेण्याला सोपं म्हणून. ताहेरा अजूनही त्याला मिस्त्रीच म्हणते.

एका बाजाराच्या दिवशी कारभारी सांगत आला. मोटार मस्त चालते, पण भोंग्यावाचून अडतं. भोंगा शेजारीच, रेहानाच्या आईकडे फडताळात आहे. त्याने मागितला, पण म्हातारीने दिला नाही. म्हणाली, जावई येईल न्यायला, त्याच्याच हातात देईन.

"जाऊन येऊ," ताहेरा म्हणाली. "मी पण येते."

"जाऊ. या शुक्रवारी," रहेमान म्हणाला. मग आपणच काय बोललो ते ऐकून थांबला. "आगगाडीने," तो म्हणाला.

तो शुक्रवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. भोंगा निफाडलाच आहे. तो आणून मोटारीला बसवायचं अजून राहिलं आहे.